मूळ चाल ठाऊक नसेल तर मानवंदना ऐकायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी हिंदुस्तानी संगीत ऐकत वाढलो. अलीकडे सिंफनी ऐकायला लागलोय. रोबेर्तो जेरार्ड या स्पॅनिश संगीतकाराची 'ओमेनाखे आ पेद्रेल' नावाची सिंफनी हाती लागली. फेलिप पेद्रेल या आधीच्या पिढीतल्या संगीतकाराला वाहिलेली ती मानवंदना आहे म्हणे. पण या पेद्रेलचं मी काहीच ऐकलेलं नाही, शोधूनही फारसं मिळत नाही. मग यात पेद्रेल किती आणि जेरार्ड किती, हे कळणार कसं? आणि ते कळत नसेल तर माझं ऐकणं वायाच का?"

वाया अजिबात नाही. मी व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचं जरा मोठं, खालच्या सुरांचं भावंड, वाजवते. केंब्रिजच्या आसपासच्या वाद्यवृंदांत बसते, आणि मैफलीआधी श्रोत्यांना त्या दिवशीच्या रचनांबद्दल चार गोष्टी सांगायचं कामही बरेचदा माझ्याच गळ्यात पडतं. तिथेही फिरून फिरून हाच प्रश्न येतो. कार्यक्रमपत्रिकेत 'अमक्याच्या स्मरणार्थ' असं छापलं, की लोक कान टवकारून मूळ चाल शोधायला लागतात. सापडली तर समाधानाने शेजाऱ्याकडे बघतात, नाही सापडली तर हिरमुसतात. मधल्या मध्ये रचना निघून जाते.

तुमची खरी अडचण पेद्रेल कोण ही नाहीच. ती माहिती चार ओळींत मिळते. अडचण ही आहे की मानवंदना म्हणजे ओळखपरेड, असं तुम्ही गृहीत धरलंय. या सिंफनीबाबत तर ते गृहीतक मुळातच टिकत नाही, कारण जेरार्डने ज्या रचनेतून चाली-स्वरांचं साहित्य उचललं, ती पेद्रेलची 'ला सेलेस्तिना' ही ऑपेरा त्याच्या हयातीत रंगमंचावर आलीच नाही. म्हणजे 1941 सालच्या श्रोत्यालाही त्या चाली ओळखीच्या नव्हत्या. तुम्ही आणि तो श्रोता एकाच बाकावर आहात.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे घोळ होईल. तुम्ही नेमकं काय ऐकलंत यावर बरंच अवलंबून आहे. ही सिंफनी 1941 ची. तिचा शेवटचा भाग 'पेद्रेलियाना'. जेरार्डने 1954 मध्ये हा भाग पुन्हा हातात घेऊन सुधारला, आणि तो स्वतंत्र रचना म्हणूनही वाजवला जातो. तुमच्याकडे फक्त हा भाग असेल, तर तुम्ही साठीकडे झुकलेल्या संगीतकाराचा हात ऐकताय. पूर्ण सिंफनी असेल, तर पंचेचाळिशीतल्या, नुकत्याच देश सोडलेल्या माणसाचा. या तेरा वर्षांत जेरार्ड फार बदलला होता. तेव्हा आधी तुमच्या ध्वनिमुद्रणावर काय लिहिलंय ते बघा.

आता पेद्रेल. 1841 मध्ये स्पेनच्या ईशान्येकडच्या कातालोनियातल्या तोर्तोसा गावी जन्म, 1922 मध्ये बार्सिलोनात मृत्यू. लहानपणी तो तिथल्या कॅथेड्रलच्या गायकवृंदात होता. पुढे त्याने ऑपेरा लिहिल्या, मासिकं चालवली, शिकवलं, आणि संशोधनाचा डोंगर उपसला. सोळाव्या शतकातला स्पॅनिश संगीतकार तोमास लुईस दे विक्तोरिया याच्या समग्र रचना त्यानेच संपादित केल्या. 1902 पासून दहाबारा वर्षं त्यांचे खंड लाइपझिगहून निघत होते. आज जगभरचे गायकवृंद विक्तोरिया गातात, त्यामागे या माणसाची मेहनत आहे. दुसरं मोठं काम म्हणजे स्पॅनिश लोकगीतांचा चार खंडांचा संग्रह. तो आयुष्याच्या अगदी अखेरीस, 1918 ते 1922 या काळात प्रसिद्ध झाला. छापला कुठे? वाल्स नावाच्या तारागोनाजवळच्या एका गावात. जेरार्डचा जन्म त्याच वाल्सचा, 1896 चा. योगायोग म्हणा हवं तर. मला मात्र ही गोष्ट सांगताना दरवेळी मजा वाटते.

पेद्रेलचं म्हणणं काय होतं? त्याने 1891 मध्ये 'आमच्या संगीतासाठी' या अर्थाचं एक पुस्तक लिहिलं. अठराव्या शतकातल्या आंतोनियो एक्सिमेनो या जेझुइट विचारवंताच्या नावावर सांगितलं जाणारं एक सूत्र त्यात पायाशी आहे: प्रत्येक लोकसमूहाने आपल्या लोकगीतांच्या पायावर आपलं कलासंगीत उभारावं. त्या काळी स्पेनमध्ये एकीकडे इटालियन ऑपेराची नक्कल चालायची, दुसरीकडे करमणुकीची 'सार्सुएला' नाटकं जोरात होती. पेद्रेल म्हणत होता, लोकगीत घ्या, आणि आपल्याच जुन्या चर्चसंगीतातली बहुस्वरी, म्हणजे एकाच वेळी अनेक चाली गुंफायची, कारागिरी घ्या. ही दोन टोकं जोडली की जे होईल ते आपलं. अल्बेनिस, ग्रानादोस आणि मानुएल दे फाया हे तिघेही त्याचे शिष्य. स्पॅनिश संगीत म्हणून आज आपण जे ऐकतो त्यातलं बहुतेक या तिघांचं आहे.

गंमत अशी की पेद्रेलच्या स्वतःच्या रचना मागे पडल्या. 'पिरेनीज' ही त्याची मोठी ऑपेरा 1902 मध्ये बार्सिलोनाच्या लिसेउ नाट्यगृहात झाली. 'ला सेलेस्तिना' त्याच सुमारास लिहिली गेली. फेर्नांदो दे रोहासच्या पंधराव्या शतकाअखेरच्या प्रसिद्ध कृतीवर बेतलेली, कालिस्तो आणि मेलिबेआ या प्रेमिकांची आणि त्यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या खट म्हातारीची गोष्ट. ती कागदावरच राहिली. माझं प्रामाणिक मत विचाराल तर पेद्रेल रचनाकार म्हणून त्याच्या शिष्यांच्या तोडीचा नव्हता. दृष्टी मोठी होती, हात तेवढा मोकळा नव्हता. आणि म्हणूनच त्याला मानवंदना देणं अवघड आहे. ज्याच्या चाली जगाला पाठ आहेत त्याची चाल घेतली की काम भागतं. ज्याने तुम्हाला चाल नव्हे तर वाट दिली, त्याचं काय घ्यायचं?

जेरार्ड हा पेद्रेलच्या शेवटच्या शिष्यांपैकी. वडील जर्मन-स्विस, आई अल्सासची, मुलगा मात्र मनाने पुरता कातालान. पियानो ग्रानादोसकडे, रचना पेद्रेलकडे. 1922 मध्ये गुरू गेला. पुढच्या वर्षी जेरार्डने थेट व्हिएन्नाला अर्नोल्ड शोएनबर्गला पत्र लिहिलं आणि तो त्याचा शिष्य झाला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन, 1928 पर्यंत. बारा स्वरांना समान हक्क देणारी, सा कुठलाच न मानणारी पद्धत शोएनबर्ग तेव्हा घडवत होता. लोकगीतं गोळा करणाऱ्या म्हाताऱ्याकडून उठून हा मुलगा युरोपातल्या सगळ्यात कडव्या नव्या संगीतकाराकडे गेला. आपल्याकडे याला घराणं सोडणं म्हणतील.

पण सोडलं नव्हतं. बार्सिलोनाला परतल्यावर जेरार्डने तिथल्या कातालोनिया ग्रंथालयाच्या संगीत विभागात काम केलं. अठराव्या शतकातल्या आंतोनी सोलेर या संगीतकाराची पंचवाद्यी, म्हणजे पाच वाद्यांसाठीच्या रचना, त्याने संपादित केली, ती 1933 मध्ये निघाली. तेराडेल्यास या जुन्या संगीतकाराची 'मेरोपे' ही ऑपेरा 1936 मध्ये. म्हणजे दिवसा पेद्रेलचं काम, आणि स्वतःच्या वहीत शोएनबर्गचं व्याकरण. त्याच 1936 च्या एप्रिलमध्ये नव्या संगीताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव बार्सिलोनात भरला, तो आणण्यात जेरार्डचा मोठा वाटा होता. आल्बान बर्ग या संगीतकाराची व्हायोलिन कन्चेर्तो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांची रचना, पहिल्यांदा वाजली ती तिथेच. तीन महिन्यांत यादवी युद्ध सुरू झालं. जेरार्ड प्रजासत्ताकाच्या बाजूचा. 1939 मध्ये ती बाजू हरली आणि तो पॅरिसमार्गे इथे, केंब्रिजला आला. किंग्ज कॉलेजने त्याला आधार दिला. तो परत राहायला गेलाच नाही. 1970 मध्ये याच गावात वारला. त्याचे कागद विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.

तर 1941. दुसरं महायुद्ध चालू, माणूस परक्या देशात, आणि पेद्रेलची जन्मशताब्दी. तिकडे माद्रिदमध्ये यादवी जिंकलेल्या हुकूमशहा फ्रँकोचं सरकार 'अस्सल स्पॅनिश' या शब्दाचा मक्ता घेऊन बसलेलं. जेरार्ड गुरूच्या रंगमंच न पाहिलेल्या ऑपेरातलं साहित्य घेतो आणि सिंफनी लिहितो. मी यात राजकारण वाचते. स्पॅनिश संगीत म्हणजे काय हे ठरवायचा हक्क हद्दपार माणसालाही आहे, असं तो सांगतोय. तुम्हाला हे ओढूनताणून वाटलं तर सोडून द्या. रचना त्यावाचूनही उभी राहते.

आता तुलनेसाठी फाया घ्या, कारण इथे एक विलक्षण गोष्ट घडलीय. फायानेही 'पेद्रेलियाना' लिहिली. नाव तेच, गुरू तोच, आणि साहित्यही 'ला सेलेस्तिना'मधलंच. त्याच्या 'ओमेनाखेस' या चार भागांच्या वाद्यवृंद-रचनेतला तो शेवटचा भाग. ती पहिल्यांदा वाजली 18 नोव्हेंबर 1939 रोजी, ब्वेनोस आयरेसच्या कोलोन नाट्यगृहात, खुद्द फायाच्या संचालनाखाली. तोही देश सोडून अर्जेंटिनात गेला होता, आणि तोही परतला नाही. एका गुरूचे दोन शिष्य, अटलांटिकच्या दोन काठांवर, दोनेक वर्षांच्या अंतराने, एकाच न झालेल्या ऑपेराकडे वळतात. याहून चांगला अभ्यासक्रम तुम्हाला कोणी आखून देणार नाही.

'ओमेनाखेस' ऐकताना दुसऱ्या भागाकडे नीट लक्ष द्या. तो फ्रेंच संगीतकार दबुसीसाठी आहे. फायाने तो मुळात 1920 मध्ये गिटारसाठी लिहिला होता, दबुसीच्या स्मृतीसाठी निघालेल्या एका संग्रहात. नंतर वाद्यवृंदासाठी बसवला. पूर्ण भाग हाबानेरा या नाचाच्या झुलत्या लयीत, दबक्या आवाजात चालतो. आणि अगदी शेवटाकडे, क्षणभरच, दबुसीच्या 'ग्रानादातली संध्याकाळ' या पियानो-रचनेतली ओळ जशीच्या तशी येते आणि जाते. ही ओळखपरेडवाली मानवंदना. ती सुंदर आहे, पण ती चालते कशावर? श्रोत्याला दबुसी ठाऊक आहे यावर. त्याच रचनेत दोन भाग पुढे गेल्यावर 'पेद्रेलियाना' येते आणि तिथे ही सोय संपते. फाया तिथे मूळ चाली ओळखू याव्यात म्हणून अडून बसत नाही. त्याला त्या वाजलेल्या हव्या आहेत. एका अर्थी तो गुरूच्या ऑपेराचा पहिला प्रयोगच करून टाकतो, गायकांशिवाय.

जेरार्डचं धोरण वेगळं आहे असं मला वाटतं. उतारवयातला फाया काटकसरी होता. सूर मोजून, मध्ये मोकळी जागा ठेवून. जेरार्डला वाद्यवृंदाचा सोस. मधल्या आवाजांत बसणाऱ्या माझ्यासारखीला असे लेखक आवडतात, कारण व्हायोला, दुसरी व्हायोलिन, क्लॅरिनेट यांना नुसतं भरणा म्हणून बसवत नाहीत. चाल वरच्या आवाजात असते तेव्हा खाली काय चाललंय हे ऐका. चाल पेद्रेलची असेल, खालची हालचाल मात्र हमखास जेरार्डची. तुमच्या 'किती आणि किती' या प्रश्नाचं व्यवहारी उत्तर हेच: वर गुरू, खाली शिष्य. नियम म्हणून हे शंभर टक्के लागू पडत नाही, पण ऐकायला सुरुवात करण्यापुरतं भरवशाचं आहे. हेडफोनवर हे जास्त सोपं जातं. सभागृहात मागच्या रांगेत बसलात तर मधले आवाज कालवले जातात.

आणि चाल पेद्रेलच्या जगातली आहे हे कसं ओळखायचं, मूळ माहीत नसताना? इथे तुमचा हिंदुस्तानी कान उपयोगी पडेल. दोन गोष्टी सांगते.

पहिली लयीची. सहा मात्रा तुम्ही दादऱ्यात तीन-तीन अशा मोजता. स्पॅनिश नाच-गाण्यांत त्याच सहा मात्रा एका आवर्तनात तीन-तीन आणि लगेच पुढच्यात दोन-दोन-दोन अशा पडतात. टाळी देऊन बघा: एक-दोन-तीन चार-पाच-सहा, एक-दोन तीन-चार पाच-सहा. चार-पाच वेळा केलंत की हाताला बसेल. मग वाद्यवृंदात एका गटाने तीन-तीन धरलंय आणि दुसऱ्याने दोन-दोन-दोन, असं एकाच वेळी चाललेलं ऐकू आलं तर ते निसटणार नाही.

दुसरी स्वरांची. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाच्या गाण्यांत भैरवी थाटाचे स्वर भेटतात, आणि ओळ संपताना म-ग-रे-सा असा उतार येतो, ग आणि रे कोमल. गंमत म्हणजे त्या शेवटच्या सा वर गिटार जो स्वरमेळ देतं त्यात बहुधा शुद्ध गंधार असतो. कोमल उतरत आलेला कान एकदम उजळतो तो त्यामुळे. मात्र सगळं स्पेन म्हणजे आंदालुसिया नव्हे, हेही पेद्रेलच्याच संग्रहाने दाखवून दिलं. गालिसियाची गाणी निराळी, कातालोनियाची निराळी, मायोर्का बेटाची आणखी निराळी. भैरवी ऐकू आली नाही म्हणून 'हे स्पॅनिश नाही' असा निकाल देऊ नका. ही चूक पाश्चात्त्य समीक्षकही सर्रास करतात.

हे प्रदेशभेद कानाला दाखवायला जेरार्डचंच एक छोटं काम आहे, 'कान्सियोनेरो दे पेद्रेल'. तेही 1941 चंच. पेद्रेलच्या लोकगीत-संग्रहातली आठ गाणी उचलून त्याने एका आवाजासाठी आणि लहान वाद्यमेळासाठी बसवली. सिंफनीच्या आधी हे ऐका. सिंफनी आधीच ऐकून झाली असेल तर आता हे ऐका आणि मग सिंफनीकडे परत या. त्यात 'सा शिंबोंबा' हे मायोर्काचं गाणं आहे. शिंबोंबा म्हणजे आमच्या गोव्याच्या घुमटासारखं मातीचं भांडं, तोंडावर कातडं ताणलेलं. पण घुमटावर थाप मारतात, इथे कातड्याच्या मधोमध एक काडी बसवलेली असते आणि ओल्या हाताने ती वरखाली घासायची. आवाज येतो तो हुंकारासारखा, जरा असभ्यच म्हणा. असलं वाद्य नावात मिरवणारं गाणं जेरार्ड घेतो आणि सभ्य मैफलीच्या वाद्यांसाठी लिहितो, तरी त्यातला रांगडेपणा धुऊन काढत नाही. 'आलाला' गालिसियाचं, 'सोलेदाद' दक्षिणेचं, 'कोरांदेस' कातालान. आठ गाण्यांत देशाची फेरी होते. आणि मूळ चाल इथे आवाजात उघड असल्यामुळे, वर गुरू खाली शिष्य ही विभागणी तुम्हाला स्वच्छ ऐकू येईल.

अनेकांना असं वाटतं की ही सिंफनी म्हणजे जेरार्डने शोएनबर्गकडे पाठ फिरवून गुरूच्या घरी परतणं. काही लेखांतही असा सूर असतो. मला ते पटत नाही. पेद्रेलने शिकवलेलं सूत्र 'लोकगीत वापरा' एवढंच नव्हतं. चालीच्या आत शिरा, तिचे घटक ओळखा, त्यातून बांधकाम करा, असं होतं. आणि एका छोट्या स्वरसमूहातून सगळी रचना उगवावी, हा तर शोएनबर्गचाही आग्रह. दोन्ही गुरूंचं जिथे जुळतं नेमकी तीच जागा जेरार्डला सापडली. म्हणून 1950 नंतरच्या त्याच्या क्रमांकित सिंफनींत, तिसरीत तर ध्वनिफीतही वाजते, कुठेतरी अचानक एखादा स्पॅनिश ठेका डोकं वर काढतो आणि परका वाटत नाही.

तर क्रम असा लावा. आधी 'कान्सियोनेरो', मग फायाची 'पेद्रेलियाना', मग जेरार्डची, आणि त्यानंतर पूर्ण सिंफनी. पेद्रेलचं स्वतःचं काही मिळालं तर बोनस समजा, नाही मिळालं तर विक्तोरियाचं 'ओ माग्नुम मिस्तेरियुम' लावा. गुरूने आयुष्य कशासाठी घालवलं ते चार मिनिटांत कळेल.

एवढं झाल्यावर जेरार्डची व्हायोलिन कन्चेर्तो शोधा, 1940 च्या दशकातलीच. तिचा दुसरा भाग त्याने दुसऱ्या गुरूला, शोएनबर्गला, सत्तराव्या वाढदिवसानिमित्त वाहिला. तिथे त्याने शोएनबर्गच्या चौथ्या तंतुवाद्य-चतुष्काची बारा स्वरांची मालिका घेतली आहे. चाल नव्हे, नुसता स्वरांचा क्रम. तो कानाने ओळखणं भल्याभल्या वादकांनाही जमत नाही, मलाही नाही. तरी तो भाग मला या कन्चेर्तोतला सगळ्यात गाता वाटतो.